वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘पोट भरलं’ हे ओळखायचं कसं?

डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ हमखास असते: पोट भरलं की थांबा. वाचायला सोपी, पाळायला अवघड. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक जण थांबतात ते छातीच्या मधोमध दाटून आल्यावर. तोवर दोन-तीन घास जास्तीचे गेलेले असतात. मग बेसिनकडे धाव, आणि संध्याकाळी ‘मला जेवणच सोसत नाही’ असं म्हणत चहात बिस्किटं बुडवणं.

हा लेख स्लीव्ह, बायपास किंवा मिनी बायपास यांपैकी वजन कमी करण्याची जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी आणि त्यांना जेवायला वाढणाऱ्यांसाठी आहे. पातळ आहार किती दिवस, मऊ आहार कधीपासून, याचा तक्ता प्रत्येक रुग्णालयात थोडा वेगळा असतो. तुमच्या सर्जननं दिलेला तक्ता अंतिम माना. इथे मी क्रमावर भर देणार आहे: आधी माप, मग खुणा, आणि खुणा पक्क्या कळल्यावरच त्यांच्यावर विसंबणं. गडबड होते ती हा क्रम उलटा केल्यानं. ‘शरीराचं ऐका’ हा सल्ला पहिल्याच आठवड्यात मनावर घेतला जातो, आणि तेव्हा शरीर धड काही सांगत नसतं.

जुन्या खुणा का चालत नाहीत

एवढं समजलं की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. काढलेल्या भागात जठराचा वरचा, ताणला जाणारा भाग असतो. पूर्वी जेवताना तोच सैलावून जागा करून द्यायचा. तो गेला की आतला दाब भराभर वाढतो. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरकही मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाचा सुमारे ३० मिलीचा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये हा कप्पा लांबट असतो. तिन्ही प्रकारांत अन्न आतड्यात लवकर पोचतं, आणि जीएलपी-१, पीवायवाय ही ‘पुरे’ म्हणणारी संप्रेरकं जेवणानंतर पूर्वीपेक्षा जास्त सुटतात.

व्यवहारात याचे परिणाम दोन. भरल्याची जाणीव बेंबीच्या आसपास शोधू नका. ती वर, दोन्ही बाजूंच्या बरगड्या मिळतात त्या खळगीत असते. दुसरं, दाब लगेच जाणवला तरी संप्रेरकांचा निरोप पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. भराभर जेवणाऱ्याला तो मिळेपर्यंत वाटी रिकामी झालेली असते.

तयारी: ही मांडामांड आधी करा

घरातली वाटी मापून घ्या. स्टीलच्या वाट्या दिसायला सारख्या, पण एकीत १०० मिली मावतं तर दुसरीत २००. औषधाच्या मापानं पाणी ओतून बघा, आणि साधारण १०० मिलीची एक वाटी फक्त तुमच्यासाठी बाजूला काढा. आहारतज्ज्ञ ‘अर्धी वाटी’ म्हणतात ती कोणती, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

चमचा चहाचा घ्या, जेवायचा मोठा नको. हातानं जेवायची सवय असेल तर पहिले दोन-तीन महिने ती बाजूला ठेवा. हाताचा घास नकळत मोठाच होतो.

एक वही करा. रोज प्रत्येक जेवणासाठी सहा गोष्टी: वेळ, काय खाल्लं, किती, किती मिनिटांत, थांबताना काय जाणवलं, आणि वीस मिनिटांनी काय जाणवलं. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. सगळ्यात जास्त शिकवतो तोच.

पाण्याची बाटली जेवायच्या टेबलावरून हलवा. टीव्ही आणि मोबाइल बंद. घड्याळ समोर.

आता अवघड काम. घरात जी व्यक्ती वाढते तिच्याशी आधीच बोला. ‘अगदीच चिमणीसारखं खाल्लंस, अजून एक घास घे’ हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य या काळात उलटी घडवतं. त्यांना सांगा, की ताटात उरलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही, आणि मी ‘पुरे’ म्हटलं की विषय तिथेच संपला.

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर फारच उत्तम. आत्तापासून जेवताना पाणी न पिणं, घास गिळल्यावरच पुढचा उचलणं आणि जेवणाला वीस मिनिटं लावणं सुरू करा. ऑपरेशननंतर दुखत असताना नव्या सवयी लावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

टप्पा १: पातळ आहाराचे दिवस, जाणिवेवर भरवसा नको

साधारण पहिले दोन आठवडे. टाके ओले असतात, आत सूज असते. या दिवसांत काहींना तीन घोटांत गच्च वाटतं, तर काहींना काहीच जाणवत नाही. दोन्ही नेहमीचंच, आणि दोन्हीवरून कसलाही निष्कर्ष काढायचा नाही.

१. औषधाच्या मापानं ३० मिली ओता. ते दहा-पंधरा मिनिटांत, छोट्या घोटांनी संपवा. मग पुढचे ३० मिली. पाणी, गाळलेलं मुगाचं कढण, पातळ ताक, सूप, प्रोटीनचं पेय, जे तक्त्यात असेल ते.

२. घोट गिळल्यावर दोन श्वास थांबा. घोट मोठा झाला की छातीत कळ येते. ती कळ म्हणजे भरणं नव्हे, घाई झाल्याची खूण.

३. उचकी, ढेकर किंवा आवळल्यासारखं वाटलं की पाच-दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा सुरू करा. दिवसाचं पाणी दीड लिटरच्या आसपास न्यायचं आहे. पहिले काही दिवस तिथवर पोचायला वेळ लागेल, पण ध्येय तेच.

४. भूक लागली नाही तरी घड्याळाप्रमाणे घ्या. घ्रेलिन उतरल्यामुळे पहिले काही महिने अनेकांना भूक लागतच नाही. ‘लागेल तेव्हा खाईन’ म्हणणारा माणूस दुपारी तीन वाजता चक्कर येऊन बसतो.

इथली नेहमीची चूक: ‘एवढं कढण प्यायलो, पोट भरलंच नाही, म्हणजे ऑपरेशन फसलं.’ पातळ पदार्थ जठरात थांबतच नाहीत, सरळ खाली जातात. त्यांनी पोट भरल्यासारखं वाटणं अपेक्षितच नाही.

⚠ इशारा: ताप, बसून असतानाही नाडी सतत १०० च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, किंवा पाण्याचा घोटही न टिकणं, यांपैकी काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि शस्त्रक्रिया झाली त्याच रुग्णालयात जा. शिवणीतून गळती होत असेल तर ती अशीच कळते. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही.

टप्पा २: मिक्सरमधलं आणि मऊ अन्न, पहिल्या खुणा टिपायच्या

खरं शिक्षण इथून सुरू होतं. सुरुवातीला एका जेवणात दोन ते चार मोठे चमचे अन्न, म्हणजे ३० ते ६० मिली. तेवढंच वाटीत काढा. भांडं समोर ठेवून ‘लागेल तसं घेईन’ असं करू नका.

१. वाटीत पहिला मान प्रथिनांना: घट्ट मूगवरण, मऊ मोकळं पनीर, अंड्याची भुर्जी, काटे काढून कुस्करलेला मासा, चक्का. भाजी नंतर, भात-पोळीचा नंबर शेवटी. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि एका अंड्यात ती सहाच ग्रॅम असतात; जागा लहान असताना आधी भात खाल्ला तर हिशेब जमतच नाही.

२. चमचा अर्धाच भरा. तोंडात असलेलं पूर्ण मऊ होईपर्यंत चावा, अन्न मुळातच मऊ असलं तरी. गिळा. चमचा खाली ठेवा. हात रिकामा राहिला पाहिजे.

३. निम्मी वाटी झाली की दोन मिनिटांचा थांबा घ्या. स्वतःला तीन प्रश्न विचारा: पहिल्या घासाइतकी चव अजून लागतेय का? खळगीत काही जड वाटतंय का? पुढचा घास हवाय, की नुसता समोर आहे म्हणून घेणार आहे?

४. वीस मिनिटं ते अर्धा तास झाला की जेवण संपलं, वाटीत काही उरलं असलं तरी. पाऊण तास रेंगाळत बसलात तर पहिलं अन्न खाली सरकत राहतं आणि वर जागा होत राहते. भरल्याची खूण मग कधीच मिळत नाही.

५. उठल्यावर वीस मिनिटांनी शेवटचा रकाना भरा.

आता त्या खुणा. भरल्याची पहिली खूण बारीक असते आणि बहुधा पोटात नसतेच. कुणाला एक लांब उसासा येतो. कुणाला एकच उचकी, कुणाला शिंक. कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला छोटी ढेकर. काहींचा चमचा आपोआप हळू होतो किंवा बोलणं वाढतं. अन्नाची चव अचानक सपाट लागणं हीसुद्धा खूणच. हे ऐकून लोक हसतात. पण आठ-दहा दिवसांची वही समोर घेऊन बसलं, की तीच ती एक गोष्ट गच्च वाटण्याच्या एक-दोन घास आधी पुन्हापुन्हा नोंदलेली दिसते. ती तुमची खूण. शेजारणीची वेगळी असेल. तिची उसनी घेऊ नका.

खूण सापडली की नियम एकच. ती आली की चमचा ठेवायचा, आणि हातातला घास वाटीत परत. ‘एवढा संपवते आणि थांबते’ मधला तो एकच घास सगळा घोटाळा करतो.

✔ तपासणी: वीस मिनिटांनी हलकं, शांत वाटलं आणि पुढचे तीन तास खायची आठवण झाली नाही, तर माप बरोबर. वीस मिनिटांनी गच्च वाटलं तर उद्या एक चमचा कमी. तासाभरात खरी भूक लागली तर आधी अन्न फार पातळ होतं का ते बघा. माप वाढवायचा विचार त्यानंतर.

टप्पा ३: भरलं, अडकलं की अजून काही?

वरवर पाहता एकाच जागी होणाऱ्या या चार-पाच गोष्टी आहेत. प्रत्येकीचा उपाय वेगळा, म्हणून इथे सावकाश वाचा.

अडकणं. हे पहिल्या दोन-चार घासांतच होतं. छातीच्या मध्यावर टोचल्यासारखं दुखतं, तोंडाला पाणी सुटतं, मग चिकट फेसासारखी लाळ येते, बसवत नाही. खाल्लेलं वर आलं किंवा खाली सरकलं की क्षणात बरं वाटतं. दोन घासांत पोट भरत नसतं. घास मोठा होता, कोरडा होता किंवा नीट चावलेला नव्हता. पाव, मऊ लुसलुशीत पोळी, कालचा कोरडा भात, चिकनचा छातीचा भाग, पनीरचे चौकोनी तुकडे हे नेहमीचे गुन्हेगार. अशा वेळी उभे राहा, हळूहळू चाला, थांबा. पाणी पिऊन ढकलायला जाऊ नका. पाणी वर साठतं आणि दुखणं दुप्पट होतं. घशात बोटं घालून उलटी काढू नका. पुढचं जेवण पातळ किंवा मऊ घ्या, आतली सूज उतरू द्या.

भरणं. हे हळूहळू येतं, सात-आठ छोट्या घासांनंतर. दुखत नाही. खळगीत बोथट वजन आल्यासारखं वाटतं आणि अन्नातला रस कमी होतो.

जास्त होणं. ज्याला आपण तडस लागणं म्हणतो ते. मळमळ, घाम, पाठीत किंवा खांद्यात दुखणं, आडवं व्हावंसं वाटणं. ज्यांना भरलेल्या पोटाची सवय वर्षानुवर्षं याच पातळीवर होती, त्यांना सुरुवातीला यालाच जेवण झाल्यासारखं वाटतं. ‘जेवण झालं’ असं वाटायला तडस लागलीच पाहिजे, हा हिशेब आता सोडावा लागतो.

डंपिंग. म्हणजे अन्न आतड्यात फार भराभर उतरल्यानं होणारा त्रास. बायपासनंतर जास्त, स्लीव्हनंतरही काहींना. गोड किंवा फार तेलकट खाल्ल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब. दुसरा प्रकार उशिरा, एक ते तीन तासांनी येतो: रक्तातली साखर एकदम चढून खाली येते, हात थरथरतात, घाम फुटतो, खा-खा सुटते. ही खा-खा भूक समजून पुन्हा गोड खाल्लं, की तेच चक्र पुन्हा. घरात ग्लुकोमीटर असेल तर त्या क्षणी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर थोडं ग्लुकोज आणि लगेच पाठोपाठ प्रथिनांचं काहीतरी घ्या, आणि डॉक्टरांना कळवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर त्याच दिवशी.

आम्लपित्त. विशेषतः स्लीव्हनंतर. खळगीत कुरतडल्यासारखं होतं, खाल्लं की तात्पुरतं शमतं, म्हणून माणूस दर दीड तासानं काहीतरी तोंडात टाकतो. जळजळ असेल, आडवं झाल्यावर वाढत असेल, तर ती भूक नव्हे. गोळी ठरवून दिलेली आहे का आणि ती वेळेवर घेताय का, ते आधी बघा.

⚠ इशारा: अधूनमधून एखादा घास वर येणं वेगळं. दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील, किंवा पातळही उतरत नसेल, तर वाट अरुंद झालेली असू शकते, लगेच दाखवा. सततच्या उलट्यांनी बी-१ म्हणजे थायमिन झपाट्यानं कमी होतं आणि त्याचा मेंदूवर परिणाम होतो: तोल जाणं, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं. गावाकडच्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली तर वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे हे आधी सांगा आणि ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्यायचं का, हे स्पष्ट विचारा.

टप्पा ४: नेहमीचं जेवण सुरू करताना आपली अडचण, आमटी

साधारण दीड-दोन महिन्यांनी घन आहार सुरू होतो. जेवणाआधी पंधरा मिनिटं आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण आपलं निम्मं जेवण मुळातच पातळ असतं. आमटी-भात, ताक-भात, रस्सा, सोलकढी. पाण्याचा पेला बाजूला ठेवून वाटीभर पातळ आमटी भातात कालवून खाल्ली, तर नियम पाळल्याचं समाधान तेवढं मिळतं. अन्न पाण्याबरोबर वाहून जातं, खूण येत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक.

उलट टोकाला जाऊन सगळं कोरडं केलं तर घास अडकतो. हवं ते अन्न ओलसर, पण न वाहणारं. त्यासाठी सोपी तपासणी: चमच्यात घेऊन चमचा तिरका करा. ओघळून खाली पडलं तर ते पेय समजा. धरून राहिलं तर जेवण.

१. वरण घट्ट, पिठलं गाठीचं नको पण थापता येईल इतकं दाट, उसळ अंगच्या रसाची. रस्सा असेल तर फोडी उचला, रस्सा राहू द्या.

२. पोळीची घाई करू नका. सुरू करताना मऊ घडीच्या पोळीपेक्षा तव्यावर कडक केलेला पातळ तुकडा बऱ्याच जणांना सोपा जातो, कारण मऊ कणीक तोंडात गोळा होते. भाकरी कुस्करून, थोड्या घट्ट वरणात भिजवून चालते. पावाच्या वाट्याला पहिले काही महिने न गेलेलं बरं.

३. नवा पदार्थ एका दिवसात एकच, तोही सुट्टीच्या दिवशी, घरी. ऑफिसच्या डब्यात पहिल्यांदा चिकन नेणं म्हणजे आपणहून अडचणीत सापडणं.

४. घन घास वीस-पंचवीस वेळा चावा. मोजत बसायचा कंटाळा येत असेल तर एवढंच बघा: गिळताना जिभेला कण लागता कामा नये.

इथे एक फसवा प्रकार सांगायलाच हवा. कुरमुरे, चिवडा, खारी, बिस्किटं, वेफर्स, आइस्क्रीम, श्रीखंड हे तोंडात विरघळतात आणि सरसर उतरतात. उसळ अर्ध्या वाटीत थांबवते, चिवडा मात्र दोन वाट्या जातो. यावरून माणूस काय शिकतो? ‘मला उसळ सोसत नाही, चिवडा छान सोसतो.’ मग हळूहळू जेवण सुटतं आणि खाऊच जेवण होतं. वजन उतरायचं थांबण्यामागचं माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. जो पदार्थ तुम्हाला थांबवतो तोच तुमच्या कामाचा आहे.

✔ तपासणी: एकाच आठवड्यात दोन दुपारी मोजून बघा. एकदा मटकीची घट्ट उसळ आणि दही, एकदा आमटी-भात. पुढची भूक कधी लागली ती वेळ लिहा. मग कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

टप्पा ५: पोट भरलं, पण जेवल्यासारखं वाटलं नाही

पोट चार चमच्यांत भरतं, तरी मन स्वयंपाकघरात घुटमळत राहतं. हा दुबळेपणा नव्हे. भरणं आणि समाधान या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि शस्त्रक्रियेनं मुख्यतः पहिली बदलते. दुसरीची सोय स्वतः करावी लागते. न केल्यास दिवसभर चाखत-चघळत राहणं सुरू होतं, आणि लहान जठराला चुकवून कॅलरी आत जायचा हाच राजमार्ग.

आधी चवीकडे बघा. आहाराचा तक्ता म्हणजे बेचव अन्न, हा समज कुठून आला कोण जाणे. मऊ आहार सोसू लागला की तक्त्यात बसेल तसं वरणावर जिरं-लसणाची फोडणी, चमचाभर लिंबाचा रस, वर कोथिंबीर, चिमूटभर मेतकूट घ्या. मुगाच्या धिरड्याबरोबर बोटभर चटणी. तिखट मात्र बेतानं. अन्न गरम खा, गार झालेल्याचं समाधान निम्मं होतं; अर्ध्या तासात वाटी निवते म्हणून निम्मंच वाढून घ्या आणि बाकीचं झाकून ठेवा. लगदा करायची गरज संपल्यावर मिक्सर बाजूला ठेवा; दाताखाली काहीतरी यावं लागतं.

आवडीचा पदार्थ मापात बसवा, मापाबाहेर नको. तळलेल्या पापलेटचा लहानसा तुकडा वरचं आवरण काढून प्रथिनांत मोजता येतो. पहिले दोन-तीन घास सगळ्यात जास्त आनंद देतात, पुढचे नुसती उजळणी. हे एकदा लक्ष देऊन अनुभवा.

मग अवेळी खावंसं वाटेल तेव्हा हा क्रम:

१. आधी पाणी, घोटघोट, शंभर-दीडशे मिली. तहान भुकेसारखी वाटते, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचं पाणी बहुधा कमीच पडतं.

२. पंधरा मिनिटं दुसरं काही करा.

३. स्वतःला विचारा: आत्ता उकडलेलं अंडं किंवा साधी मूगउसळ दिली तर खाईन का? उत्तर ‘हो’ असेल तर भूक खरी. ठरलेलं छोटं खाणं घ्या. ‘नको, शेव हवी’ असेल तर पोटाचा त्यात काही संबंध नाही.

४. मग कशाचा संबंध आहे ते वहीत लिहा. चार वाजले? सासूबाईंशी वाजलं? कंटाळा? रिकामं घर? बहुतेकांच्या वहीत एक-दोनच कारणं फिरून फिरून येतात.

खाणं हाच ज्यांचा वर्षानुवर्षांचा विसावा होता, त्यांना तो गेल्याचं दुःख होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रात्री लपून खाणं, मुद्दाम उलटी काढणं, किंवा खाण्याची जागा दारूनं घेणं सुरू झालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दारूची गोष्ट विशेष गंभीर: या शस्त्रक्रियांनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका वाढतो.

टप्पा ६: दुसऱ्याच्या ताटावर

पंगत, हळदीकुंकू, गणपतीत पाच घरी जाणं. इथे वीस मिनिटं आणि चहाचा चमचा चालवणं कठीण, म्हणून थोडी आधीची आखणी लागते.

घरून निघताना अर्धं प्रथिनांचं जेवण करून जा. तिथे ताट स्वतः वाढून घ्या. दुसऱ्यानं वाढलं की माप गेलं. प्रसाद चमचाभर, तोही जेवणाच्या शेवटी, रिकाम्या पोटी शिरा नको. आग्रहाला लांबलचक कारणं देऊ नका, ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, एवढंच सांगितलंय’ इथेच थांबा. लहानपणापासूनचं ‘पानात टाकायचं नाही’ हे फार खोल गेलेलं असतं. ते मोडायचं नसेल तर पानात कमीच घ्या. उरलेलं डब्यात भरून आणण्यात कमीपणा नाही.

उपवासाबद्दल मी थोडी कडक आहे. साबुदाण्याची खिचडी चिकट, प्रथिनांना नावापुरती, आणि दिवसभराचं पाणीही बुडतं. पहिलं वर्षभर उपवास करूच नयेत. मन मानत नसेल तर दही, दूध, पनीर यांवर दिवस काढायचा, आणि तोही आहारतज्ज्ञांना विचारून.

टप्पा ७: भूक परत येते तेव्हा

सहा महिने ते वर्षभरात कधीतरी भूक परत येते, आणि एका वाटीतलं माप दीड-दोन वाट्यांवर जातं. बरेच जण इथे घाबरतात: पोट पुन्हा मोठं झालं! सूज गेलेली असते, जठर काहीसं सैलावलेलं असतं, तेवढं व्हायचंच. वर्षभरानंतर एका वेळी साधारण २०० ते २५० मिली घन अन्न जाणं बऱ्याच जणांत दिसतं.

अडचण वेगळी असते. पूर्वीची ठळक खूण, ती उचकी किंवा वाहणारं नाक, या काळात पुसट होते. जुन्या भरवशावर जेवणारा माणूस खूण येईल म्हणून वाट बघतो आणि खात राहतो. म्हणून वही पुन्हा उघडायची. एक आठवडा सगळं मोजून, टप्पा २ मधल्यासारखं: निम्म्यावर थांबा, तीन प्रश्न, वीस मिनिटांनी नोंद. नवी खूण बहुधा चवीत किंवा वेगात सापडते.

घट्ट, प्रथिनांचं जेवणही काहीच न जाणवता मापापलीकडे जात असेल तर याच क्रमानं तपासा: जेवताना पाणी किंवा पातळ सुरू झालंय का, जेवण दहा मिनिटांत संपतंय का, विरघळणारे पदार्थ किती वाढलेत, दोन जेवणांमध्ये चरणं सुरू आहे का. चारही ठीक असतील तर सर्जनला दाखवा, गरज पडल्यास ते एंडोस्कोपी किंवा तपासणीचा एक्स-रे करतील. जठर पुन्हा छोटं करण्यासाठी म्हणून दोन-चार दिवस नुसत्या पातळ आहारावर राहायचे सल्ले फिरत असतात. त्यानं जठराचं माप बदलत नाही, आणि प्रथिनं बुडतात ती बुडतातच.

उलटा प्रकारही असतो. वर्ष झालं तरी भूक नाही, चार घासांत पुरे, आणि वजन उतरतंय म्हणून सगळे खूश. केस फार गळत असतील, जिना चढताना दम लागत असेल, पाय सुजत असतील तर खुणेवर थांबणं सोडा आणि घड्याळावर या. दिवसातून पाच-सहा छोटी खाणी, प्रत्येकात प्रथिनं, आणि रक्त तपासणी लवकर: हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन).

पुढच्या भेटीला जाताना वहीची शेवटच्या पंधरा दिवसांची पानं न्या, आणि अडकलेल्या जेवणांवर आधीच खूण करून ठेवा. ‘कसं चाललंय?’ला ‘बरं चाललंय’ हे उत्तर देण्यापेक्षा ती पानं पुढे करा. डॉक्टरांना दहा मिनिटांत जे विचारायचं असतं ते त्यात लिहिलेलं असतं.